श्रमाचे माप कोण तपासणार?

पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला वजनकाट्याचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचे पोते चढले की त्याची नजर काट्यावरून हलत नाही. मापात पाप होऊ शकते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असल्यामुळे शासनानेही हा विषय केवळ व्यापाऱ्याच्या सचोटीवर सोपविलेला नाही. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि आज २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्यान्वये दुकानदाराला आपला काटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. धान आणि डाळ ज्या मापाने मोजली जाते, त्याची अशी तपासणी होते. माणसाचे श्रम ज्या मापाने मोजले जातात, त्याची मात्र कोणी तपासणी करीत नाही. घरोघर माल पोहोचविणाऱ्या चालकांच्या बाबतीत ही उणीव आता फार काळ दुर्लक्षिता येणार नाही.

नवेगाव बांध हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेल्या विस्तीर्ण जलाशयामुळे आणि १९७५ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानामुळे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील अशा गावांतही आता पुस्तके, कापड, औषधे, भ्रमणध्वनी यांची पार्सले दुचाकीवरून येऊ लागली आहेत. ग्राहकाला त्यात सोय आहे आणि तरुणांना रोजगार आहे. विदर्भातील शिकलेल्या मुलाला गावाजवळ चार पैसे मिळत असतील, तर त्याचे स्वागतच करावयास हवे. प्रश्न त्याच्या कामाचा हिशेब कसा होतो, हा आहे.

हा हिशेब वरवर पाहता सोपा आहे. दिवसाच्या आरंभी चालकाला ठरावीक पार्सले नेमून दिली जातात. एका घराला अमुक मिनिटे आणि एका किलोमीटरला तमुक मिनिटे, असे धरून संगणक दिवसाचे नियोजित काम ठरवितो. संध्याकाळी प्रत्यक्ष झालेल्या कामाला नियोजित कामाने भागले की कार्यक्षमतेची टक्केवारी निघते. समजा, साठ पार्सले दिली आणि अठ्ठेचाळीस पोहोचली, तर कार्यक्षमता ऐंशी टक्के. भागाकार अचूक आहे. परंतु छेदस्थानी बसलेला साठ हा आकडा कोणी आणि कशावरून ठरविला, हे चालकाला ठाऊक नसते. अंशाची जबाबदारी संपूर्णपणे त्याची आणि छेदावर अधिकार संपूर्णपणे दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

या छेदात काय धरले जाते आणि काय सुटते, हे नवेगाव बांधच्या परिसरात स्पष्ट दिसू शकते. नागपुरातील एखाद्या निवासी संकुलात एका जिन्यात दहा घरे भेटतात. येथे तलाव आणि टेकड्यांना वळसा घालून धाबेपवनी, झाशीनगरच्या बाजूला जावे, तर एका पार्सलासाठी अर्धा तास सहज मोडतो. आषाढ-श्रावणात रोवणीच्या दिवसांत सारे कुटुंब बांधीत उतरलेले असते. घराला कुलूप आणि मालक शेतात, अशा वेळी पार्सल परत न्यावे लागते. जंगलपट्ट्यात संपर्क तुटला की ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक येत नाही आणि माणूस समोर उभा असूनही पार्सल हाती देता येत नाही. पावसाने नाल्याला पूर आला की रस्ता बंद. दिवेलागणीनंतर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने दुचाकी हाकणे म्हणजे जिवाशी खेळ. संध्याकाळच्या टक्केवारीत मात्र या सर्वांचा उल्लेख एकाच शब्दात होतो: ‘अपूर्ण’. जेथे मेहनताना पोहोचलेल्या नगावर ठरतो, तेथे परत आलेल्या नगामागचे इंधन आणि वेळ दोन्ही चालकाच्या खिशातून जातात.

श्रम मोजण्याची कल्पना नवी नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून घड्याळ हाती घेऊन कामगाराच्या हालचाली मोजणे ही उद्योगांची रीतच होऊन बसली. या शास्त्रावर निर्दयतेचा आरोप झाला आणि तो निराधार नव्हता. तथापि त्याच शास्त्राच्या पुढील अभ्यासकांनी एक शहाणपण दाखविले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ साली कार्याभ्यासावर जे पुस्तक काढले, त्यात प्रमाणवेळ ठरविताना थकवा, शारीरिक गरजा आणि अपरिहार्य खोळंबा यांसाठी वेगळी सवलत धरण्याची पद्धत सांगितली आहे. आज संगणकाने टेलरचे घड्याळ आत्मसात केले. ही सवलत त्याच्या हिशेबात कितपत शिरली, हे तपासण्याचा मार्ग चालकाजवळ नाही. ती न शिरल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. चालकांना लघुशंकेसाठी बाटल्या वापराव्या लागतात, हा आरोप प्रथम झिडकारणाऱ्या ॲमेझॉन कंपनीला एप्रिल २०२१ मध्ये आपले विधान मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली.

यावर उपाय शोधताना आपल्या गावात वर्षानुवर्षे येणाऱ्या डाक सेवकाकडे पाहावे. ग्रामीण डाक सेवकाचा भत्ता कामाच्या तासांशी बांधलेला आहे आणि हे तास कसे काढावयाचे, याचे लेखी नियम आहेत. हे नियम न्यायमूर्ती तलवार समिती, नटराज मूर्ती समिती आणि कमलेश चंद्र समिती यांच्यासमोर वेळोवेळी वादाचा विषय झाले. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींसाठी डाक सेवकांनी २२ मे २०१८ पासून देशव्यापी संप केला आणि १ जुलै २०१८ पासून चार तास व पाच तास अशा दोन श्रेणींत सुधारित भत्ता लागू झाला. पाच तासांच्या चौकटीत सारे काम बसत नाही, ही त्यांची तक्रार आजही आहे आणि ती रास्त आहे. तरीही हे माप कागदावर आहे. ते चुकीचे आहे असे म्हणण्यासाठी डाक सेवकाला संघटना आहे, समिती आहे. पार्सलवाल्या तरुणाजवळ यांपैकी काय आहे? त्याचे माप व्यवसायाचे गुपित मानले जाते आणि त्याची तक्रार ऐकण्यासही पुष्कळदा यंत्रच पुढे केले जाते.

नियोजनाशिवाय एवढा व्यवहार चालणार नाही, हे कंपन्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे. मोजमापच नसेल तर कष्टाळू आणि कामचुकार यांत फरक राहणार नाही आणि मुकादमाच्या मर्जीला ऊत येईल. परंतु मोजमाप हवे असे ज्याला वाटते, त्याने ते खुले ठेवण्यास कचरू नये. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांतील कामगारांना त्यांच्या कामाचे प्रमाण लेखी कळविणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ साली आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकाने २०२५ साली संगणकीय देखरेखीची माहिती कामगाराला देण्याचे तत्त्व कायद्यात आणले. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांच्या कल्याणनिधीसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र अपघातानंतरची मदत आणि अपघाताकडे ढकलणारे माप हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

महाराष्ट्राने या दुसऱ्या प्रश्नाला हात घालावा. दिवसाचे नियोजित काम आणि त्यासाठी धरलेला वेळ चालकाला निघण्यापूर्वी मराठीतून कळावा. कुलूप, पूर, तुटलेला संपर्क ही कारणे स्वतंत्र नोंदवून हिशेबातून वगळावीत. विश्रांतीचा वेळ नियोजनातच धरावा. अरण्यालगतच्या गावांची तुलना शहरी वस्त्यांशी करू नये. टक्केवारी घसरली म्हणून काम काढून घेण्यापूर्वी जबाबदार माणसाने चालकाचे म्हणणे ऐकावे. यातील एकही मागणी व्यवसाय बुडविणारी नाही.

या व्यवस्थेत आपण ग्राहकही एक मापक आहोत, हे शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी वाचकांनी विसरू नये. आपण भ्रमणध्वनीवर जे तारे देतो, तेही त्या तरुणाच्या हिशेबात जमा होतात. निकालाच्या टक्केवारीवरून सबंध शाळेची परीक्षा झाली की शिक्षकाला वाईट वाटते; फायलींच्या संख्येवरून कामाची किंमत झाली की लिपिक नाराज होतो. आपल्यासाठी जो विवेक आपण मागतो, तो दारात घामाघूम उभ्या असलेल्या मुलासाठीही मागितला पाहिजे. पार्सल पोचते करावयास त्याला एक तास उशीर झाला असेल, तर तारे देण्यापूर्वी वाट कशी होती एवढे तरी त्याला विचारावे.