पेटीवरची पहिली रचना: आवडती की आवाक्यातली?

गुरूशिवाय पेटी शिकणाऱ्याने पहिली रचना कोणती घ्यावी, याबद्दल दोन मते हिरीरीने मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, आवडते गाणेच घ्यावे. गोडी असली की हात आपोआप वळतो. दुसरा म्हणतो, सहा महिने अलंकारांखेरीज कशालाही हात लावू नये. पहिले मत भाबडे आहे, दुसरे अर्धवट.

आवडते गाणे बहुधा कसलेल्या गळ्याने गायलेले असते. त्याची सारी मोहिनी मिंडेत, मुरकीत आणि कणस्वरांत असते. पेटीवर तर मींड निघतच नाही, कारण प्रत्येक पट्टीचा स्वर बांधलेला. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी 1971 पर्यंत टिकली, तिच्यामागच्या आक्षेपांत हाही एक ठळक आक्षेप होता. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी या मर्यादेत राहूनही पेटी रंगवली, पण ती सिद्धहस्तांची गोष्ट. नवशिक्याच्या हाती गाण्याचा सांगाडाच लागतो आणि दोष रचनेच्या निवडीचा असताना तो आपल्या बोटांना बोल लावतो. चाल छोटी म्हणून सोपी, हाही असाच गैरसमज. वाढदिवसाचे प्रसिद्ध इंग्रजी गाणे चारच ओळींचे आहे. पण तिसऱ्या ओळीत खालच्या पंचमावरून थेट वरच्या पंचमावर उडी आहे. तिथे नवा हात हमखास चुकतो.

अलंकारांनी बोटे सुटतात, हे खरेच. गुरू समोर असेल तर तो चुकलेल्या जागी थांबवतो. एकट्याला कोण थांबवणार? ‘सारेग, रेगम’ची माळ बोटे मोजून ओढतात आणि कान झोपी जातो. शिवाय तिच्यात श्वासाची जागा नाही की समेवर येण्याची ओढ नाही. ओळखीची चाल चुकली तर ती शिकणाऱ्याच्याच कानाला खटकते, आणि घरी एकट्याने शिकताना तेवढाच एक परीक्षक हाताशी असतो.

म्हणून पहिली रचना अशी हवी, जी टाळी धरून आधी गाता येते आणि जिच्यासाठी हात फारसा सरकवावा लागत नाही. भूपातले मध्य लयीतले सरगमगीत या कसोटीला उतरते. पांढरी एकचा षड्ज धरला तर अंगठा षड्जावर आणि करंगळी धैवतावर येते. मध्ये मध्यमाची एक पट्टी तेवढी ओलांडायची. पाच स्वरांना पाच बोटे पुरतात, तार षड्ज किंवा मंद्र स्वर आला तरच हात हलतो. सरगमगीतात शब्दांच्या जागी स्वरच असल्याने तोंड, कान आणि बोट एकाच वेळी एकच गोष्ट म्हणतात. त्रितालाच्या 16 मात्रा हाताने दिल्या की सम कुठे येते, हेही कळू लागते. त्यानंतर घरात वर्षानुवर्षे म्हटली जाणारी एखादी आरती घ्यावी. ती तोंडपाठ असते, ठेका सरळ असतो आणि चुकल्यास घरातले कोणीही टोकते!

स्वरलिपी निवडतानाही डोळे उघडे हवेत. गाण्याच्या शब्दांखाली नुसती ‘सा रे ग’ अक्षरे छापलेली असतील, तर कोणता स्वर किती मात्रा टिकवायचा हे समजत नाही. भातखंडे पद्धतीत मात्रा वाढवायला आडवी रेघ, कोमल स्वराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब असते. ज्या लेखनात ही चिन्हे किंवा त्यांची जागा घेणारी दुसरी खूण नाही, ते एकट्याने शिकणाऱ्याच्या कामाचे नाही.

आवडत्या गाण्याला कायमची बंदी नाही. दोन-तीन सरगमगीते ठेक्यासोबत न अडखळता वाजू लागली की त्याचा फक्त मुखडा, मुरक्या गाळून, जरूर घ्यावा. अंतरा बहुधा तार सप्तकात चढतो. त्याने थोडे थांबावे.