पोटभाडेकरूची भीती कुणाला वाटते?

व्हर्च्युअल मशीनच्या आत दुसरा हायपरवायझर चालवू नका, असे सांगणारे तीन प्रकारचे लोक असतात. पहिला म्हणतो, फार संथ चालते. दुसरा म्हणतो, सुरक्षेला धोका आहे. तिसरा काहीच म्हणत नाही. तो सोय बंद ठेवतो आणि हवी असेल तर महागडा प्लॅन पुढे करतो. पहिल्या दोघांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते किती हे खाली तपासू. पण तिघांच्या वागण्याचा परिणाम एकच होतो. ज्याच्याकडे एकच जुना लॅपटॉप आहे, त्या पोराचे शिकण्याचे दार बंद होते. म्हणून हा लेख.

तुम्ही म्हणाल, उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाचा या भानगडीशी काय संबंध? संबंध असा की, आमच्याकडून दहावी होऊन गेलेली मुले आयटीआय, पॉलिटेक्निक, बीसीए करतात आणि अडली की जुन्या शिक्षकाकडेच येतात. त्यांचे प्रश्न ऐकता ऐकता मलाही हा विषय शिकावा लागला. आणि बी.एड.ला एक गोष्ट मनावर ठसली होती की, हाताने केल्याशिवाय शिकणे पुरे होत नाही. इथे मुलांना हातच लावू दिला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी विषय सोपा करून सांगतो. खरा संगणक म्हणजे घर समजा. हायपरवायझर हा त्या घराचा मालक. तो घराच्या खोल्या पाडतो आणि प्रत्येक खोली एकेका भाडेकरूला देतो. प्रत्येक भाडेकरूला वाटते की, आपल्याला स्वतंत्र घर मिळाले आहे. हा भाडेकरू म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आता त्या भाडेकरूने आपल्या खोलीत स्वतःचा हायपरवायझर बसवला आणि आणखी यंत्रे चालवली, तर ती झाली पोटभाडेकरू. इंग्रजीत याला ‘नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात. आपल्याकडच्या भाडेकरारात जसे पोटभाडेकरू ठेवायला मनाई असल्याचे कलम असते, तसेच इथेही आहे.

अडचण कुठे येते तेही समजून घ्या. संगणकाची चिप एकाच मालकाला ओळखते. पोटभाडेकरूने एखादे खास अधिकाराचे काम मागितले की, चिप त्याला थांबवते आणि थेट वरच्या मालकाकडे नेते. मालक पाहतो की हा प्रश्न मधल्या भाडेकरूचा आहे. मग तो सगळे कागद असे मांडून देतो की मधल्याला वाटावे, चिपने हा प्रश्न आपल्याकडेच आणला. मधला उत्तर द्यायला बसतो, पण त्यालाही पावलोपावली खास अधिकार लागतात आणि दर वेळी प्रकरण पुन्हा वर जाते. एका अर्जासाठी तालुक्याला दहा खेटे घालण्यासारखे. संथपणाचे मूळ या खेट्यांत आहे.

काही जण ही कल्पना हौशी पोरांचे खूळ असल्यासारखे बोलतात. त्यांनी इतिहास पाहावा. आयबीएमने १९६७ मध्ये सीपी-४० नावाची प्रणाली वापरात आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात जाहीर केली. तिथले अभियंते हायपरवायझरची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या आत चालवून तपासत. कारण उघड आहे. लाखो डॉलरचे यंत्र प्रत्येक अभियंत्याला तोडफोडीसाठी कोण देणार? १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक शोधनिबंध लिहिला. कोणत्या यंत्रावर हायपरवायझर नीट चालू शकतो याच्या अटी त्यांनी मांडल्या. त्याच निबंधात आतल्या आत पुन्हा हायपरवायझर कधी चालेल याचाही सिद्धांत आहे. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी कागदावर सिद्ध झालेली आहे.

मग आपल्या टेबलावरच्या संगणकात ती इतक्या उशिरा का आली? कारण इंटेलच्या जुन्या चिप त्या अटींत बसत नव्हत्या. २००० साली झालेल्या एका अभ्यासात पेंटियममध्ये अशा १७ सूचना सापडल्या, ज्या मालकाला न कळवता परस्पर काम करून टाकत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या करामतीने यावर मात केली. चिपमध्येच सोय यायला इंटेलकडून २००५ आणि एएमडीकडून २००६ साल उजाडले. तेव्हाही कोअर २ च्या काळात इंटेलने ही सोय काही मॉडेलांना दिली आणि काहींना दिली नाही. त्यामुळे पुढे जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्या मुलाचे शिक्षण त्या मॉडेलच्या आकड्यावर ठरू लागले.

आता पहिला आक्षेप, संथपणाचा. २०१० मध्ये आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी ‘टर्टल्स’ नावाचा प्रकल्प जगासमोर ठेवला. नाव घेतले होते कासवावर कासव उभे असल्याच्या गोष्टीवरून. त्यांनी इंटेलच्या चिपवर केव्हीएमच्या आत दुसरा हायपरवायझर चालवला आणि खेटे कसे कमी करायचे ते दाखवले. नेहमीच्या कामांत एका पातळीच्या व्हर्च्युअल मशीनपेक्षा फक्त ६ ते ८ टक्के वेग कमी झाला. २०११ मध्ये इंटेलसाठीची ही सोय लिनक्समध्ये आली. २०१३ च्या हॅसवेल पिढीत इंटेलने चिपमध्येच अशी तजवीज केली की, मधल्या भाडेकरूला बरीच माहिती वर न जाता स्वतःच वाचता-लिहिता यावी. २०१८ च्या अखेरीस लिनक्सने इंटेलवरही ही सोय आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती एएमडीसाठी २०१८ ला आणि इंटेलसाठी २०१९ ला आली.

डिस्क आणि नेटवर्कवर ताण देणारी कामे पोटभाडेकरूकडे जास्त रेंगाळतात, हे मान्य. बँकेचा सर्व्हर असा चालवा, असे मी म्हणत नाही. पण शिकणाऱ्याला वेग किती लागतो? सायकल शिकणाऱ्या मुलाला ताशी ऐंशी किलोमीटरचा रस्ता कोण मागतो?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधील फेलिक्स विल्हेल्म यांनी २०२१ मध्ये केव्हीएमच्या एएमडीसाठीच्या याच नेस्टेड भागातला एक दोष उघड केला. त्या दोषातून भाडेकरूला थेट घरमालकाच्या ताब्यातल्या जागेत शिरता येत होते. जिथे एकाच यंत्रावर शंभर अनोळखी ग्राहक राहतात, तिथे मालकाने सावध राहावे हे बरोबर आहे. पण मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मालकही तोच, भाडेकरूही तोच आणि पोटभाडेकरूही तोच. तिथे कोण कुणाच्या घरात शिरणार? कॉलेजच्या लॅबमध्ये तर यंत्र बाकीच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवता येते. सार्वजनिक सर्व्हरसाठीचा नियम उचलून शाळेच्या लॅबला लावायचा आणि त्याला ‘सिक्युरिटी पॉलिसी’ म्हणायचे, हा आळस आहे.

आता तिसऱ्याकडे येतो, कारण खरा पेच तिथेच आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी आपल्या क्लाउडवर २०१७ मध्ये ही सोय दिली. म्हणजे अनोळखी भाडेकरू असतानाही ती देता येते, हे दोन मोठ्या घरमालकांनी दाखवून दिले. अ‍ॅमेझॉनचे पाहा. त्यांनी २०१८ मध्ये फायरक्रॅकर हे हलके हायपरवायझर सर्वांसाठी खुले केले, त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पण ते चालवायला केव्हीएम लागते, आणि अ‍ॅमेझॉनच्याच क्लाउडवर वर्षानुवर्षे त्यासाठी ‘बेअर मेटल’ म्हणजे अख्खे यंत्र भाड्याने घ्यावे लागत असे. अख्ख्या यंत्राचे तासाचे भाडे विद्यार्थ्याच्या खिशाला कसे परवडावे?

व्हीएमवेअरची गोष्ट याहून मजेशीर आहे. आपल्या ईएसएक्सआय हायपरवायझरच्या आत पुन्हा ईएसएक्सआय चालवणे प्रत्यक्ष कामकाजासाठी अधिकृत नाही, असे ही कंपनी सांगत आली. पण जगभरच्या लोकांना शिकवण्यासाठी तिने जी ‘हँड्स-ऑन लॅब’ उघडली, ती चालते याच पद्धतीने, पोटात पोट ठेवून. मला यात खोट दिसत नाही. उलट माझे म्हणणे कंपनीनेच सिद्ध केले आहे की, शिकवण्यासाठी याहून स्वस्त आणि सोयीची प्रयोगशाळा नाही. मग आमच्या कॉलेजांना ती का चालत नाही?

विंडोजवाल्यांची गत आणखी वेगळी. होम आवृत्तीत हायपर-व्ही मिळत नाही. प्रो घ्यावी लागते. आणि स्वस्तातल्या लॅपटॉपवर बहुधा होमच असते. त्यात विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर सुरक्षेसाठी आतून हायपरवायझर आधीच चालू असतो. म्हणजे ज्याला आपण घरमालक समजतो, तो विंडोज स्वतःच भाडेकरू असतो! अशा यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स उघडला की, खाली कोपऱ्यात हिरवे कासव दिसते आणि आत हायपरवायझर चालवायची सोय मिळत नाही. मुलगा बिचारा समजतो की, आपलेच काहीतरी चुकले. त्याला कुणी सांगत नाही की, खोलीची किल्ली आधीच दुसऱ्याच्या खिशात आहे.

या सोयीने मिळते तरी काय, हेही सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी, वडील लूमवर कामाला, सोळा जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप घेऊन बसला. लिनक्स टाकले. त्यात चार-चार जीबीची तीन व्हर्च्युअल मशीन केली आणि प्रत्येकात प्रॉक्समॉक्स हा हायपरवायझर बसवला. झाले तीन सर्व्हरचे क्लस्टर. त्यांच्या आत अर्ध्या अर्ध्या जीबीची छोटी यंत्रे. मग तो चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता हलवायला शिकला. एक सर्व्हर मुद्दाम बंद पाडला, तर उरलेल्या दोघांचे बहुमत राहिले आणि काम चालले. दोन बंद पाडले, तर उरलेला एकटा नवे यंत्र सुरू करायला नकार देऊ लागला. बहुमत म्हणजे काय आणि ते का हवे, हे त्याला कुठल्याही व्याख्येशिवाय समजले.

खऱ्या सामानात हेच शिकायला तीन सर्व्हर, स्विच, यूपीएस आणि एसीची खोली लागते. आणि एवढे सामान असले, तरी ते मोडायला कुणी देणार नाही. इथे मोडले तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जायचे. आमच्या लहानपणी पाटी होती. चुकले की पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. वहीचे पान फुकट जाईल ही धास्ती नसायची, म्हणून अक्षर वळले. आजच्या मुलाची पाटी ही आहे.

याच मुलाच्या कॉलेजात काय चालले होते? लॅबमधल्या सगळ्या संगणकांच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद, आणि बायोसला पासवर्ड. लॅब असिस्टंटला विचारले तर उत्तर, “वरून ऑर्डर नाही.” वर विचारले तर, “सिलॅबसमध्ये नाही.” सिलॅबसमध्ये काय आहे? टाइप-१ आणि टाइप-२ हायपरवायझरमधील फरक लिहा, पाच गुण. पोरे तक्ता पाठ करतात, पाच गुण मिळवतात आणि मुलाखतीत ‘कधी क्लस्टर उभे केले आहे का?’ या पहिल्याच प्रश्नाला माना खाली घालतात. ज्यांच्या घरी पैसा आहे, ती मुले पुण्या-मुंबईतल्या क्लासेसमध्ये जाऊन तेच शिकतात. उरलेल्यांना आपण सांगतो, तुमच्यात ‘स्किल’ नाही.

मित्रहो, माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कॉलेजांनी लॅबमधल्या निदान पाच-सहा संगणकांच्या बायोसमध्ये ही सोय चालू करावी, ती यंत्रे वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत आणि मुलांना त्यांवर मनसोक्त मोडतोड करू द्यावी. याला नवा निधी लागत नाही, एका दुपारचे काम आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत व्याख्येऐवजी यंत्र उभे करून दाखवायला सांगावे. स्वस्त व्हीपीएस विकणाऱ्यांनी ही सोय आहे की नाही ते जाहिरातीत स्पष्ट लिहावे. आज मुले पैसे भरून बसतात आणि मग कळते की, त्यावर अँड्रॉइडचा एम्युलेटरसुद्धा धड चालत नाही.

आणि पालकांनो, मुलाला जुना लॅपटॉप घेऊन देत असाल तर दुकानदाराला रंग आणि स्क्रीनच्या आधी दोन गोष्टी विचारा. प्रोसेसर कुठल्या पिढीचा, आणि रॅम सोळापर्यंत वाढवता येते का. इंटेल असेल तर पाचव्या पिढीच्या पुढचा घ्या, कारण व्हर्च्युअलबॉक्सची नेस्टेड सोय इंटेलवर तिथूनच सुरू होते. घरी आल्यावर बायोस उघडून व्हर्च्युअलायझेशन चालू करा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून लिनक्स घातले तर परवान्याचा एक पैसाही लागत नाही.

एवढे झाले तर मूल आपले शिकेल. कॉलेजच्या ऑर्डरची वाट पाहत बसले, तर तोवर त्याची तीन वर्षे संपलेली असतील.