आकाशातील रेडिओ कोणाचा?

हौशी रेडिओचालकांचा पहिला उपग्रह, ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून अवकाशात गेला. हौशींनीच घडविलेली साडेचार किलोंची ती पेटी मोर्स लिपीत केवळ 'हाय' एवढेच म्हणे. २८ देशांतील पाचशेहून अधिक हौशींनी ते ऐकले. पुढे महत्त्वाकांक्षा वाढली. जगभरच्या हौशींच्या वर्गणीवर उभा राहिलेला अवजड ऑस्कर-४० नोव्हेंबर २००० मध्ये वर गेला, महिन्याभरातच त्यास अपघात झाला आणि जानेवारी २००४ मध्ये तो कायमचा मुका झाला. वर्षानुवर्षांची पुंजी एका यंत्राबरोबर गेली!

प्रगत तंत्राला विरोध हा समाजवाद नव्हे. प्रश्न आहे तो त्याचा भार कोणी वाहावा, हा. भारताने ५ मे २००५ रोजी सार्वजनिक पैशातून सोडलेल्या ४२.५ किलोंच्या हॅमसॅटने त्याचे उत्तर दिले होते. अवघड, खर्चिक भाग उपग्रहात. जमिनीवर मात्र परवानाधारक हौशींजवळ असणाऱ्या नेहमीच्या व्हीएचएफ-यूएचएफ संचांवर काम भागे. वापरासाठी शुल्कही नव्हते. जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्या निकामी होऊन तो थांबला. हौशींसाठी यापुढील उपग्रहाचा आराखडा करताना इस्रोने तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला परवडेल असा संच आधी ठरवावा, आणि उपग्रह त्याला जुळेल असा बांधावा.