पळालेली पोरगी आरोपी नव्हे

शाळा बुडवून अंबाझरीवर बसणारे, रात्री फुटाळ्यावर भटकणारे, घरातून पळणारे पोट्टे धरा आणि बालन्याय मंडळापुढे उभे करा, म्हणजे नागपूर सुतासारखं सरळ होईल, असं सांगणारे सज्जन आपल्याकडे बरेच आहेत. त्यांचा युक्तिवाद असा: आज शाळा बुडवणारा उद्या चाकू काढतो, तर आजच धाक बसवा.

आधी कायदा पाहू. मोठ्याने केलं तर चालतं आणि लहानाने केलं तर गुन्हा, असं कलम आपल्या बालन्याय कायद्यात आज नाही. 1986 च्या कायद्यात होतं जवळपास तसं: पोरगं ऐकत नाही अशी पालकांनीच तक्रार केली की कलम 17 खाली त्याला निरीक्षणगृहात पाठवता येई. 2000 च्या कायद्याने ती वाट बंद केली. 2015 च्या कायद्यात पळालेलं मूल मंडळापुढे जात नाही. ते 24 तासांत बालकल्याण समितीपुढे जातं, कारण त्याला संरक्षण हवं असतं.

चाकूचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात ताब्यात घेतलेली मुलं 37,780. त्यातली 78.6 टक्के 16 ते 18 वयाची आणि बहुसंख्य आईबापाजवळ राहणारी. पळालेल्या पोरांच्या माथी गुन्हेगारी मारायची तर हा तक्ता साथ देत नाही.

उद्या अशी धरपकड झालीच, तर सापडेल कोण? धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या पोट्ट्याच्या घरी फोन जाईल. रहाटेनगर टोलीसारख्या गरीब वस्तीतला पोलिसांच्या गाडीत बसेल. धरपकडीचा हा मार्ग अमेरिकेनेही पाहिला आहे: शाळा बुडवणाऱ्या, पळणाऱ्या मुलांना कोंडू नका असा कायदा तिने 1974 मध्ये केला, 1980 मध्ये त्याला पळवाट ठेवली. आणि तिथे पळून जाण्याच्या प्रकरणांत मुलींचं प्रमाण इतर गुन्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसत आलं.

आपल्याकडेही खरी मेख मुलींपाशीच आहे. महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, 7,064 निकालांचा एनफोल्ड संस्थेने अभ्यास केला. त्यातले 1,715 प्रेमसंबंधांचे होते, आणि बहुतेकांत फिर्याद घरच्यांची. अशाच प्रकरणातली सतरा वर्षांची पोरगी बालकल्याण समितीपुढे येते. "घरी जातेस?" "नाही, बाबा मारतील." रवानगी बालिकागृहात. तिच्यावर गुन्हा नाही, पण दाराला कुलूप आहे. ही कोठडी नाही म्हणता? तिला विचारा बाप्पा!

संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं 2015 च्याच बालन्याय कायद्याच्या कलम 3 मध्ये लिहिलं आहे. ते पाळायचं तर सामाजिक तपासणीचा अहवाल 15 दिवसांत यावा, मारणाऱ्या बापाला समितीने बोलावून जाब विचारावा, मामा-मावशीचं घर तपासावं, आणि बालिकागृहातल्या मुलीची शाळा एक दिवसही बुडू नये. शिवाय नागपूरच्या समितीने नावं वगळून दरवर्षी तक्ता लावावा: वय, मुलगा की मुलगी, कोणत्या वस्तीतून, तक्रार कोणाची, किती महिने ठेवलं. ताब्यात घेतलेल्या मुलांचं शिक्षण आणि कुटुंब यांचे आकडे गुन्हे नोंद विभाग दरसाल छापतो. या मुलींचा तसा रकाना त्या अहवालात नाही.