काठ वाकडा, हिशेब सरळ

हस्तकलेच्या प्रदर्शनात गोधडी विकत घेताना आपली नजर आधी काठावर जाते. पट्ट्या सारख्या रुंदीच्या आणि रंग ठरावीक क्रमाने फिरलेले असले की कामात सफाई आहे म्हणायचं. एक पट्टी बोटभर, शेजारची चार बोटं आणि मध्येच तिरपा लाल तुकडा दिसला की घासाघीस सुरू करायची. ही पारखच चुकीची आहे. मनाजोगता जोडलेला काठ बिनमापाचा नसतो. त्याचं माप फक्त वेगळ्या वेळी घेतलं जातं.

साठ इंचांची एक बाजू घ्या. आखीव काठाचा हिशेब कात्री लावण्याआधीच होतो: दोन्ही शिवणींत पाव-पाव इंच जाणार म्हणून साडेतीन इंचांच्या 20 पट्ट्या कापल्या की त्या शिवल्यावर तीन-तीन इंचांच्या उरतात आणि 60 भरतात. पुढचं काम हातांचं. मोकळ्या काठात मात्र विचार शेवटच्या तुकड्यापर्यंत चालूच राहतो. पट्ट्या जोडत लांबी थोडी जास्तच करायची आणि मग क्विल्टच्या मध्यावरून माप घेऊन काठ छाटायचा. कडेवरून मोजून चालत नाही, कारण हाताळून हाताळून कड ताणलेली असते. तिरपं कापलेलं कापडही ओढलं की वाढतं. म्हणून बाहेरच्या अंगाला उभा किंवा आडवा सरळ धागा ठेवावा लागतो, नाहीतर काठाला लाटा येतात. पिवळा एकाच कोपऱ्यात साचला, तर समोरच्या बाजूलाही त्याची एखादी चीप बसवावी लागते. मोकळीक आहे ती आतल्या जोडकामात. बाहेरची रेघ तितकीच काटेकोर.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ नावाची गोधडी तर काठापासूनच सुरू होते. पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून रानात आलेल्या आफ्रिकी माणसांचे अनेक वंशज या समाजात आहेत. त्या बायका जुनी साडी पसरून कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळं टाचत जातात आणि फेऱ्या घेत मध्याशी पोचतात. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं बसवतात. आकार साडीने आधीच ठरवलेला असतो, रंग वाटेत ठरतात.

हे सगळं टंचाईतून आलं, त्याला कला म्हणणं म्हणजे गरिबीचं कौतुक, असा आक्षेप घेतला जातो. टंचाई खरीच होती. पण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंडची गोष्ट पाहा. तिथल्या परिसरातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या सहकारी संस्थेला 1972 मध्ये सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. अभ्रे एकसारखे हवे होते आणि तसेच शिवले गेले. उरलेलं कापड घरी नेऊन त्याच हातांनी आपल्या मनाने क्विल्ट जोडले. त्या गावच्या क्विल्टचं प्रदर्शन 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं आणि 2006 मध्ये ते टपाल तिकिटांवर आले. नेमकं शिवता येत नव्हतं म्हणून काठ वाकडे झाले, असं या बायकांबद्दल तरी म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: शंभर नगांची मागणी आली तर प्रत्येक नग वेगळा कसा चालेल? अडचण खरी आहे, आणि अभ्र्यांच्या मजुरीनेही घरं चालली, हे विसरता येणार नाही. पण एकसारखेपणा कशात हवा, हे ठरवता येतं. लांबी-रुंदी, टाक्यांची दाटी, धुतल्यावर न सुटणारा रंग, एवढं ठरवून द्यावं आणि काठाचा क्रम शिवणारीवर सोडावा. मागच्या बाजूला तिचं नाव टाचावं. आज मजुरी टाके मोजून देता येते. रंग कुठे वळवायचा हे ठरवणाऱ्या नजरेचे पैसे मात्र ‘सफाई नाही’ म्हणत आपण कापून घेतो.