मासे विकायचे की टाकी विकायची?



गेले पंधरा दिवस आमच्या बजाजनगरच्या महिला मंडळात स्वाध्याय संपला की एकच विषय निघतो. मंडळातल्या एका वहिनींच्या यजमानांची बदली झाली आहे. घरातलं सगळं सामान ट्रकमध्ये जाईल, एक वस्तू सोडून. ती म्हणजे दिवाणखान्यातली चार फुटी, खाऱ्या पाण्याची फिशटँक. यजमानांची हौस. तिच्यासोबत दिवे, पंप, पाणी गार ठेवणारा चिलर आणि बरंच काही. आत केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी, एक निळा टँग, एक छोटा डॅमसेल, दोन झिंगे, दगड, आणि दगडांवर दोन-तीन प्रवाळ.

यजमानांनी जाहिरात लिहिली, ‘सर्व सामान, माशांसह, 60,000.’ वहिनींनी सांगितलं, ‘माशांसह’ हा शब्द काढा, आमच्या घरात जीव विकले जात नाहीत. तिथून वाद सुरू झाला.

एका काकूंनी पंडित आशाधरांचं सागारधर्मामृत आठवलं. श्रावकाने टाळायच्या पंधरा खरकर्मांत केशवाणिज्य आहे, म्हणजे केस असलेल्या जिवांचा व्यापार. त्यावर दुसरीने लगेच विचारलं, माशाला केस कुठे असतात? हसलो सगळ्या. पण असे शब्दाचे कीस काढून सुटका करून घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही. मासा पंचेंद्रिय जीव आहे, हे आपल्या पाठशाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हे वहिनींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

मात्र पैसे घेतले नाहीत की आपण सुटलो, असं जे मंडळात अनेकींना वाटतंय, ते मला मुळीच पटत नाही.

सगळ्यांत लोकप्रिय सूचना होती अभयदानाची. कायगाव टोक्याला न्या, णमोकार म्हणा आणि गोदावरीत सोडून द्या. भावना फार चांगली आहे, पण हे मासे समुद्राचे आहेत. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, माशाच्या शरीरात त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि तो समुद्राचं पाणी पिऊन, जादा मीठ बाहेर टाकून जगत असतो. त्याला गोड्या पाण्यात टाकलं की सगळं उलटं होतं. पाणी अंगात शिरत राहतं, ते बाहेर काढायची त्याच्या शरीराची तयारीच नसते. काही तासांचा खेळ. वरून आपल्याला दिसणार फक्त पाण्यात गेलेली निळी शेपटी, आणि आपण समाधानाने घरी येणार.

मृगसेन धीवराची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जाळ्यात पहिला येणारा मासा मारायचा नाही, असा नियम त्याने मुनिराजांकडून घेतला. पहिला मासा आला, त्याला खूण बांधून सोडलं, आणि तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला, पाचही वेळा त्याने सोडला. आपण नियमाचं फळ सांगतो आणि एक साधी गोष्ट विसरतो. तो मासा जिथून आला, त्याच नदीत परत गेला. तिथे तो जगणार होता. कायगावला टँग सोडणं ही त्या कथेची नक्कल होईल, अभयदान होणार नाही.

मग मुंबईला नेऊन समुद्रात सोडा, असंही कुणी म्हणालं. निळा टँग प्रवाळबेटांच्या स्वच्छ पाण्यातला, मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावरचा नाही. शिवाय टाकीतले रोग, परजीवी तो सोबत घेऊन जाणार. गोड्या पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे हे झालंही आहे. लोकांनी टाकीतून सोडलेला सकर मासा उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला. एकाला सोडताना तिथल्या हजारोंचं काय होईल, याचा विचार नको का?

दुसरी सूचना, कुणालाही फुकट देऊन टाका. वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं विचारलं, तर तासाभरात अकरा जण तयार. एकाला फक्त ‘नीमो’ हवा होता, तोही एकच, मुलीच्या वाढदिवसासाठी. दुसऱ्याकडे काचेचा गोल बाऊल होता. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत कशी ठेवली जाते, हे आपण घरात रोज बघतो.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नळाचं पाणी अधिक मीठ असं पुष्कळ जणींना वाटतं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो त्याच्यासाठी विष. दगडांवर आणि वाळूत वाढलेले सूक्ष्म जीव त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. हे जीव वाढून टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज नवी टाकी आणून उद्या त्यात मासे सोडले, तर ते आपल्याच घाणीत गुदमरतात. दगड उन्हात वाळवून, धुऊन ‘स्वच्छ’ करून दिले, तर त्यांच्यावरचे असंख्य जीव तर मरतातच, वर मासेही मरतात. वहिनींच्या टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे एकदा पूर्ण भरायला जवळपास नऊ किलो समुद्री मीठ. आपल्याकडच्या मे महिन्यात वीज गेली की चिलर बंद, आणि या माशांना पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. हे सगळं ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात मासा देणं म्हणजे दान म्हणता येणार नाही.

क्लाउनफिश जोडीने राहतात आणि नीट सांभाळले तर वीस वर्षंही जगतात. त्यांतला एक वाढदिवसाला द्यायचा?

म्हणून माझं मत असं आहे की सामान विका, निःसंकोच विका. काच, पंप, दिवे अजीव आहेत, त्यांचे पैसे घेण्यात दोष नाही. माशांचे शून्य रुपये. पण मासे आधी आणि गिऱ्हाईक नंतर. ज्याच्याकडे खाऱ्या पाण्याची चालू टाकी आहे, किंवा जो हीच टाकी दगड-पाण्यासकट उचलून त्याच दिवशी उभी करू शकतो, सगळे मासे एकत्र नेतो, त्यालाच सामान द्यायचं, मग तो 60 ऐवजी 35 हजार का देईना. जे 25 हजार कमी मिळतील, तेच खरं जीवदयेला दिलेलं दान. पांजरापोळाची पावती फाडताना आपण इतका विचार करत नाही, इथे करावा लागतोय इतकंच.

दुकानदाराला परत देणं मी शेवटचा पर्याय ठेवीन. तो एकेक मासा सुटा विकणार, तेव्हा व्यापार आपण केला नाही, फक्त दुसऱ्याच्या हातून करवला. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण काय उगाच पाठ करतो?

आता प्रवाळ. त्यांच्याबद्दल मंडळात कुणालाच कल्पना नव्हती, आणि हा मुद्दा धर्माच्या आधी कायद्याचा आहे. भारतात 2001 पासून दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. विकणं गुन्हा, त्याला तुरुंगवास आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीजवळच्या प्रवाळांच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली होती. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे दगडही पुष्कळदा प्रवाळाचेच सांगाडे असतात. म्हणून जाहिरातीत त्यांचं नाव घालण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आपल्या शास्त्रात प्रवाळ पृथ्वीकायात मोजलं आहे, विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. इंद्रियं किती यावर मतभेद असतील, ते जिवंत आहे यावर दोघांचं एकमत आहे.

एक गोष्ट मंडळात बोलायला जरा अवघड गेली, ती इथे लिहिते. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय होतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध, म्हणजे जिवाला कोंडून ठेवणं. आपण गायीचा दोर, पिंजऱ्यातला पोपट असे अर्थ लावतो. काचेकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण काच दिसत नाही. त्यात निळा टँग जवळजवळ नेहमी समुद्रातूनच पकडून आणलेला असतो. क्लाउनफिशची पैदास तरी बंदिस्त टाक्यांत होते, आपल्याकडे केरळातल्या विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रानेही ती केली आहे. आणि खाणं? टँग शेवाळ खातो, पण इतरांसाठी वहिनींच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात गोठवलेल्या कोळंबीची पाकिटं होती. कंदमूळ न शिरणाऱ्या घरात! वहिनी तो कप्पा स्वतः कधी उघडत नसत.

मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं, असं सांगून टाक्या विकणाऱ्यांवर तर माझा रागच आहे. आपलं कर्म आपणच भोगायचं असतं. ते एका मुक्या जिवाच्या अंगावर ढकलायची कल्पना जैन घरात शिरलीच कशी?

हलवण्याच्या दिवसाबद्दल थोडं. मासे न्यायच्या आदल्या दिवशी त्यांना खायला देत नाहीत. अन्नपाननिरोध हाही अतिचारच, म्हणून वहिनी घाबरल्या होत्या. पण प्रवासात पिशवीतल्या थोड्याशा पाण्यात घाण साचू नये म्हणून हा उपवास, त्यांच्याच जिवासाठी. दुहेरी पिशव्या, प्राणवायू भरलेला, सोबत थर्माकोलचा डबा, निघायचं पहाटे. टाकीतलं जुनं पाणी जमेल तितकं कॅनमधून सोबत, दगड पाण्यात बुडवूनच. तळाचं उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात डोळ्याला न दिसणारे पुष्कळ जीव असतात. तेही वाळूसकट नेणाऱ्याला द्या.

सध्या पुण्याच्या एका कुटुंबाशी बोलणं चालू आहे. त्यांच्याकडे सहा वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे, मासे सगळे नेणार आहेत, सामानाचे 38,000 देतो म्हणाले. यजमान अजून 45 वर अडले आहेत. ट्रक 28 तारखेला येणार आहे.