संघ जिंकले, पण क्लबच बंद पडले: डेरिक परेरांच्या कारकिर्दीतून भारतीय फुटबॉलचं काय कळतं?

प्रशिक्षक जिंकला तर टिकतो, हरला तर जातो. फुटबॉलमध्ये साधारण हाच नियम मानला जातो. पण गोव्याच्या डेरिक परेरा यांची कारकीर्द पाहिली, तर भारतात हे गणित वेगळं दिसतं. इथे संघ जिंकला तरी क्लब उरेलच याची खात्री नसते.

परेरा मूळचे बचावपटू. साळगावकर क्लब, गोवा आणि भारत अशा तिन्ही पातळ्यांवर ते खेळले. नंतर ते प्रशिक्षक झाले आणि महाराष्ट्रात आले.

महाराष्ट्रात काय घडलं?

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला त्यांनी २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून दिली. फेडरेशन कपही त्याच हंगामात आला. २०१० मध्ये कंपनीने हा क्लब बंद केला.

त्याआधीच २००९ मध्ये परेरा पुणे एफसीकडे आले होते. आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात हा नवखा संघ तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो दुसऱ्या स्थानावर पोहोचला. त्याच्या अकादमीच्या मुलांनी १९ वर्षांखालील आय-लीगही जिंकली. २०१५ मध्ये हा क्लबही संपला.

पुण्यातच मग डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये उतरला. पहिल्या हंगामात प्रशिक्षक होते परेराच. २०१७ नंतर हा संघ लीगमध्ये दिसला नाही.

दरम्यान ते साळगावकरचेही प्रशिक्षक होते. त्या क्लबने २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली.

असं का होतं?

यातले बहुतेक क्लब एखाद्या कंपनीच्या किंवा उद्योगसमूहाच्या पैशावर चालत होते. तिकीटविक्री आणि प्रक्षेपणातून खर्च भागत नव्हता. मालकाचा विचार बदलला की संघ गेला. २०१४ मध्ये आयएसएल आली आणि पैसा, प्रेक्षक, प्रायोजक तिकडे वळले. पण पुण्याला त्याचाही टिकाऊ फायदा झाला नाही. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीला हलला.

मेक्सिकोचा राफाएल मार्केसही बचावपटू. पाच विश्वचषकांत त्याने देशाचं कर्णधारपद भूषवलं. मग बार्सिलोनाचा दुय्यम संघ सांभाळला आणि २०२४ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. तो जिथे घडला, तो अ‍ॅटलस क्लब १९१६ चा. या क्लबचे मालक बदलले, पण क्लब राहिला. मेक्सिकोतही सगळे क्लब इतके नशीबवान नसतात. २०२० मध्ये मोरेलियाचा संघ माझात्लानला हलवला गेला. पण तिथल्या लीगचं वेळापत्रक एका करारामुळे अडून राहिलं नाही.

आता हा विषय का महत्त्वाचा?

कारण भारतात नेमकं तेच झालं. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीने आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला. महासंघासोबतचा तिचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवा ठरला नव्हता. काही क्लबनी खेळाडूंचे पगार रोखले. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारी लीग २०२६ उजाडलं तरी सुरू झाली नव्हती. याच काळात मुंबई सिटी एफसीमधला आपला हिस्सा परदेशी मालकाने सोडला.

महाराष्ट्राचा आयएसएलमधला हा एकमेव संघ. कोल्हापूर-पुणे रेल्वेमार्गावरच्या लोणंदमधल्या एखाद्या मुलासाठी २०१३ मध्ये अव्वल लीगचा क्लब आणि त्याची अकादमी पुण्यातच होती. आज त्याला मुंबई गाठावी लागते.

परेरा पुढे एफसी गोवाचे तांत्रिक संचालक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगामाच्या मध्यातच निघून गेले, तेव्हा संघ त्यांनीच हाती घेतला. अनुभवी प्रशिक्षक असा दुसरीकडे कामाला लागू शकतो. क्लबसोबत अकादमी बंद पडली, तर तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे मात्र तेवढे पर्याय नसतात.